दूरच्या दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन विमानतळांची नावं टाकली की इंटरनेटवर क्षणात उत्तर मिळतं: इतके किलोमीटर, इतके तास. दोन्ही टोकांना मोठी शहरं असतील तर ते उत्तर बऱ्यापैकी खरं ठरतं. दोन्ही टोकांना लहान, एकमेकांपासून लांबचे विमानतळ असतील, तर त्या आकड्याचा आणि प्रत्यक्ष प्रवासाचा फारसा संबंध उरत नाही. खालच्या उत्तरांमध्ये उदाहरणासाठी एकच जोडी पुन्हा पुन्हा घेतली आहे: नॉर्वेच्या उत्तरेचं ट्रोम्सो आणि अलास्काच्या मधोमध असलेलं फेअरबँक्स. ध्रुवीय प्रकाश बघायला जाणाऱ्यांना दोन्ही नावं ओळखीची असतात. दोन्हीकडे जेट विमानं उतरतात, पण एकाहून दुसरीकडे जाणारं थेट नियमित विमान मात्र नाही.

ट्रोम्सो ते फेअरबँक्स हवाई अंतर किती?

सुमारे ५,०२५ किलोमीटर. मैलांत ३,१२० च्या आसपास, आणि वैमानिक ज्यात मोजतात त्या सागरी मैलांत साधारण २,७१५. हे अंतर दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं आहे. ट्रोम्सोचा विमानतळ ६९.७ अंश उत्तर, १८.९ अंश पूर्व इथे आहे, तर फेअरबँक्सचा ६४.८ अंश उत्तर, १४७.९ अंश पश्चिम इथे. तुमचं हॉटेल, टॅक्सी, गावातून विमानतळापर्यंतचा रस्ता यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं.

नकाशावर तर हे अंतर खूप जास्त दिसतं. मग ५,०२५ कसं?

भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ ट्रोम्सोहून पश्चिमेला निघते, ग्रीनलंड ओलांडते, कॅनडाच्या उत्तर भागातून जाते आणि फेअरबँक्सला पोचते. त्या रेघेवरून खरोखर उडालं तर ७,१७५ किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. म्हणजे दोन हजारांहून अधिक किलोमीटर जास्त.

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग महावृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून जातो, आणि सपाट नकाशावर तो बहुतेक वेळा वाकडा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही गावांवर दोरा ताणून धरा. दोरा ट्रोम्सोहून जवळजवळ थेट उत्तरेला निघेल, स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्याजवळून जाईल, उत्तर ध्रुवापासून सुमारे ३०० किलोमीटरवरून पलीकडे उतरेल आणि फेअरबँक्सला दक्षिणेकडे तोंड करून पोचेल. पश्चिमेला असलेल्या गावाला जाण्यासाठी आधी उत्तरेला आणि मग दक्षिणेला जायचं, हे पहिल्यांदा ऐकल्यावर पटत नाही. दोरा बघितला की पटतं.

विषुववृत्ताजवळच्या दोन ठिकाणांसाठी हा फरक किरकोळ असतो. जितकं उत्तरेला किंवा दक्षिणेला जाल, आणि दोन्ही ठिकाणं पूर्व-पश्चिम दिशेत जितकी लांब, तितका तो वाढत जातो.

एकाच जोडीसाठी वेगवेगळ्या साइटवर वेगळे आकडे का दिसतात?

एक कारण पृथ्वीच्या आकारात आहे. बहुतेक कॅल्क्युलेटर हॅव्हरसाइन नावाचं सूत्र वापरतात. त्यात पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नितळ गोल मानली जाते. प्रत्यक्षात ती ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. हा चपटेपणा हिशेबात घेणारी साइट ट्रोम्सो–फेअरबँक्ससाठी वीसेक किलोमीटर जास्त दाखवेल. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. तिकीट काढणाऱ्याने त्यावर डोकं घालू नये.

दुसरं कारण एककांचं आहे, आणि तिथे खरा घोळ होतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. काही पानांवर नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असतं. आकड्यांत पंधरा टक्क्यांच्या आसपास तफावत दिसली की हा गोंधळ झाला असं खुशाल समजा.

आणि तफावत हजारो किलोमीटरची असेल, तर बहुधा विमानतळच चुकलेला असतो.

विमानतळ चुकतो म्हणजे काय?

एकाच नावाची गावं जगात भरपूर आहेत. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. पहिल्याचा कोड एसवायडी, दुसऱ्याचा वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी कॅनडातल्या त्या छोट्या सिडनीत उतरल्याच्या बातम्या एकदा नाही, अनेकदा आल्या आहेत. पोर्टलंड अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर आहे, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामात आहे, सान्तियागो चिलीत, स्पेनमध्ये आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातही आहे. अंतर शोधताना गावाच्या नावाऐवजी तीन अक्षरी कोड टाकावा. ट्रोम्सोचा टीओएस, फेअरबँक्सचा एफएआय.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ कसा काढायचा?

ढोबळ हिशेब असा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि त्यात अर्धा ते पाऊण तास मिळवा. हा वाढीव वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्याचा, चढण्याचा, उतरण्याचा आणि गेटपाशी येण्याचा. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, म्हणून छोट्या उड्डाणात सरासरी वेग फारच कमी भरतो. ट्रोम्सो–फेअरबँक्स नॉनस्टॉप असतं तर सुमारे साडेसहा तास लागले असते.

८५० हा आकडा जेट विमानांचा. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या गटातली विमानं ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातात, बोइंग ७८७ सारखी मोठी ९०० च्या आसपास. प्रादेशिक मार्गांवर मात्र पंख्याची विमानं खूप असतात. एटीआर ७२ साधारण ५०० ने जातं, डॅश ८ चा मोठा प्रकार ६५० च्या आसपास. म्हणून कुठलं विमान आहे हे न विचारता वेळ सांगणारा कॅल्क्युलेटर प्रादेशिक विमानतळांसाठी हमखास फसतो. ६०० किलोमीटरचं अंतर जेटने सव्वा तासात होईल, एटीआरने पावणेदोन तास लागतील.

मग ट्रोम्सोहून फेअरबँक्सला पोचायला खरंच किती वेळ लागतो?

एक दिवस. कनेक्शन चांगली जुळली तर चोवीस तासांच्या आसपास, नाही जुळली तर तीसच्या पुढे.

समजा तुम्ही ट्रोम्सोहून ऑस्लो, ऑस्लोहून फ्रँकफर्ट, फ्रँकफर्टहून सिअ‍ॅटल आणि तिथून फेअरबँक्स असं गेलात. टप्पे अनुक्रमे १,११५, १,१४१, ८,१९७ आणि २,४६२ किलोमीटरचे. बेरीज १२,९१५. सरळ अंतराच्या अडीचपटीहून जास्त. यातला सर्वांत विचित्र भाग सुरुवातीलाच येतो: पहिल्या दोन विमानांत तुम्ही तुमच्या ठिकाणापासून लांब लांब जात असता. नुसता विमानात बसण्याचा वेळच अठरा तासांच्या घरात जातो, त्यावर तीन विमानतळांवरची वाट पाहणं वेगळं.

मला विचाराल तर दूरच्या प्रादेशिक जोड्यांसाठी ‘अंतर किती’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ‘कुठल्या मोठ्या विमानतळावरून जावं लागेल’ हे आधी विचारावं. कारण वेळ, थकवा आणि बहुतेकदा भाडंही त्यावर ठरतं. एक मोठा विमानतळ टाळता आला तर चार-पाच तास सहज वाचतात. उलट सरळ अंतर पाचशे किलोमीटरने कमी असलं तरी कनेक्शन वाईट असेल तर ती बचत वाट बघण्यातच विरते.

इतकं जवळ असून थेट विमान का नाही?

विमान पोचू शकत नाही म्हणून नव्हे. ५,००० किलोमीटर आज एका मधल्या आकाराच्या जेटलाही झेपतात. ए३२० च्या नव्या पिढीचा पल्ला ६,३०० किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो. पण रोज दीडशे माणसं ट्रोम्सोहून फेअरबँक्सला निघत नाहीत. दोन लहान शहरांमध्ये थेट जाणारे लोक मोजके असतात. तेच लोक आधी मोठ्या विमानतळावर आणून, तिथे शंभर ठिकाणांहून आलेल्या लोकांबरोबर एकत्र केले की मोठं विमान भरतं. विमान कंपन्यांचं गणित या एकत्र करण्यावर चालतं.

त्यात ध्रुवावरून जाण्याच्या अटी वेगळ्याच. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत पोचता येईल असा पर्यायी विमानतळ मार्गात लागतो. ही मर्यादा पूर्वी ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये काही विमानांना १२० मिनिटांची मुभा मिळाली, १९८८ मध्ये १८० ची. अमेरिकेच्या नियमांनुसार ७८ अंश उत्तरेच्या पलीकडून जाणाऱ्या विमान कंपनीकडे, विमान अध्येमध्ये कुठे उतरावं लागलं तर प्रवाशांना परत आणण्याची योजना असावी लागते, आणि विमानात अतिथंडीत बाहेर पडून काम करता येईल असे किमान दोन पोशाखही. इंधनाचीही काळजी असते: जेट ए प्रकारचं इंधन उणे ४० अंशांना, जेट ए-१ उणे ४७ ला गोठायला लागतं, म्हणून टाक्यांमधल्या तापमानावर लक्ष ठेवून वैमानिक कधी खाली येतात, कधी वेग वाढवतात. मोठ्या मार्गांवर या सगळ्याचा खर्च निघतो. लहान मार्गावर कठीण आहे.

धावपट्टी लहान असली तर पल्ल्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि कॅल्क्युलेटरला हे कधीच कळत नाही. पूर्ण इंधन भरलेलं विमान जड असतं, जड विमानाला उड्डाणासाठी लांब धावपट्टी लागते. लंडन सिटी विमानतळाची धावपट्टी जेमतेम दीड किलोमीटरची. तिथून २००९ ते २०२० या काळात न्यूयॉर्कला छोट्या ए३१८ विमानाची सेवा होती. जाताना ते विमान कमी इंधन घेऊन निघायचं आणि आयर्लंडमधल्या शॅनन इथे उतरून टाकी भरून घ्यायचं. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणीही तिथेच उरकायची, त्यामुळे तो थांबा प्रवाशांना फारसा खुपत नसे. परतीच्या वाटेवर धावपट्टी लांब आणि वारा पाठीशी, म्हणून थांबा नाही. एकाच मार्गाची जाण्याची आणि येण्याची गोष्ट इतकी वेगळी असू शकते.

तिकिटावर ‘डायरेक्ट’ लिहिलं आहे. म्हणजे मध्ये थांबणार नाही ना?

थांबू शकतं. ‘नॉनस्टॉप’ म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. ‘डायरेक्ट’ म्हणजे फ्लाइट नंबर तोच राहील इतकंच. सर्वांत टोकाचं उदाहरण प्रशांत महासागरातलं: गुआम ते होनोलुलू हे अंतर सुमारे ६,१०० किलोमीटर, नॉनस्टॉप सात-आठ तासांचं. त्याच दोन टोकांमध्ये ‘आयलंड हॉपर’ नावाने ओळखली जाणारी फेरी च्यूक, पोनपे, क्वाजालीन, माजुरो आणि काही दिवशी कोसराए अशा बेटांवर उतरत जाते, आणि त्यात पंधरा तासांच्या आसपास जातात. अलास्कातही सिअ‍ॅटलहून केचिकन, रँगेल, पीटर्सबर्ग करत जुनोला जाणारी अशीच फेरी आहे. तिकडचे लोक तिला ‘मिल्क रन’ म्हणतात. वेळ हाताशी असेल तर हौसेने करावा असा प्रवास आहे, पण तिकीट काढताना तो नकळत पदरात पडू नये. शोधताना थांब्यांची संख्या उघडून बघा.

जायला सहा तास आणि यायला सात, असं का?

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. वाऱ्यासोबत गेलं तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग वाढतो, वाऱ्याविरुद्ध गेलं तर घटतो. ५,००० किलोमीटरच्या मार्गावर ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर पाठच्या वाऱ्याने सव्वापाच तास आणि समोरच्या वाऱ्याने सहा तास चाळीस मिनिटं लागतील. म्हणजे जाण्या-येण्यात जवळपास दीड तासाचा फरक. आणि दोन्ही वेळा मिळवल्या तर वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा दहा मिनिटं जास्तच भरतात, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्या मार्गावर साडेसहा-सात तास जातात. उत्तर-दक्षिण उड्डाणांना आणि थेट ध्रुवावरून जाणाऱ्यांना मात्र हा वारा बहुतेक आडवा लागतो.

तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ बघून प्रवासाचा वेळ का जुळत नाही?

दोन्ही वेळा स्थानिक असतात. ट्रोम्सो आणि फेअरबँक्समध्ये दहा तासांचा फरक आहे. ट्रोम्सोहून सकाळी ६ ला निघून फेअरबँक्सला रात्री ८ ला पोचलात, तर प्रवास चौदा तासांत झाला असं वाटेल. खरे चोवीस झाले.

हा दहा तासांचा फरकही वर्षभर स्थिर नसतो. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत मागे करताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटी करतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या मधल्या दिवसांत फरक नऊ तासांचा होतो. ध्रुवीय प्रकाशासाठी मार्च लोकप्रिय असल्याने हे लक्षात असलेलं बरं, निदान घरी फोन करताना तरी.

तारीख रेषा ओलांडली तर गंमत आणखी वाढते. वर सांगितलेल्या आयलंड हॉपरने गुआमहून सकाळी निघालेला प्रवासी होनोलुलूला त्याच तारखेच्या पहाटे उतरतो. म्हणून शोधताना घड्याळाच्या वेळा न बघता ‘एकूण कालावधी’ हा रकाना बघावा.

विमान उशिरा निघालं तरी वेळेवर पोचलं. हे कसं?

वेळापत्रकात लिहिलेला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात कंपन्या थोडा जास्तीचा वेळ आधीच धरून ठेवतात. अमेरिकेत विमान पंधरा मिनिटं किंवा त्याहून उशिरा आलं तरच ते अधिकृत नोंदीत ‘उशिरा’ धरलं जातं, त्यामुळे पोचण्याची वेळ सैल ठेवण्यात कंपनीचाच फायदा असतो. प्रवाशाचाही थोडा होतो: कनेक्शन सुटण्याची शक्यता कमी होते.

विमान खरंच महावृत्तावरून जातं का?

साधारण त्याच्या आसपासून. नेमून दिलेले हवाई मार्ग, गर्दी, वादळं, लष्करी क्षेत्रं यांमुळे प्रत्यक्ष अंतर काही टक्क्यांनी वाढतं. कार्बन उत्सर्जन मोजताना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना यासाठी सरळ अंतरात भर घालते: ५५० किलोमीटरच्या आतल्या उड्डाणात ५०, ५५० ते ५,५०० मध्ये १००, आणि त्यापुढे १२५ किलोमीटर.

कधी हवाई हद्दच बंद होते. फेब्रुवारी २०२२ पासून बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होतं, ते तेराच्या घरात गेलं. अंतराचा कॅल्क्युलेटर आजही जुनाच आकडा दाखवतो, कारण दोन्ही शहरं जागची हललेली नाहीत.

कनेक्शनसाठी किती वेळ ठेवावा?

मोठ्या विमानतळावरून मोठ्या विमानतळावर जाताना दीड-दोन तास पुरतात, कारण एक विमान सुटलं तर दुसरं मिळतं. शेवटचा टप्पा लहान विमानतळाचा असेल तर हा हिशेब मोडतो. तिथे दिवसाला एक-दोनच विमानं असू शकतात. ते सुटलं की रात्रीचा मुक्काम. म्हणून शेवटच्या कनेक्शनला तीन-साडेतीन तास ठेवले तर ते वाया गेले असं समजू नका.

अमेरिकेत शिरताना साधारणपणे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, मग ते तुमचं अंतिम ठिकाण नसलं तरी. आपल्या उदाहरणात हे सगळं सिअ‍ॅटलला होईल. नॉर्वे आणि जर्मनी दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने ऑस्लो–फ्रँकफर्ट टप्प्यात बॉर्डरची रांग सहसा नसते; बाहेर पडतानाची पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टला होते.

सगळे टप्पे एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचतात खरे, पण पहिल्या कंपनीचं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात झटकते.

विमान रद्द झालं किंवा खूप उशीर झाला, तर भरपाईसाठी कुठलं अंतर धरतात?

युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात भरपाईची रक्कम अंतरावर ठरते, आणि हा नियम नॉर्वेलाही लागू आहे. प्रवासी प्रत्यक्ष किती फिरला यावर रक्कम ठरावी असं अनेकांना वाटतं. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये हा मुद्दा निकालात काढला. प्रकरण रोम ते हॅम्बुर्ग प्रवासाचं होतं, ब्रसेल्समार्गे. प्रत्यक्ष अंतर १,६५६ किलोमीटर, सरळ महावृत्तावरचं १,३२६. रकमेची पायरी १,५०० ला बदलते, त्यामुळे या फरकाला महत्त्व होतं. न्यायालयाने सांगितलं की पहिल्या आणि शेवटच्या विमानतळांमधलं सरळ अंतरच धरायचं, मधल्या वळणांचा त्यात हिशेब नाही. ट्रोम्सोहून फेअरबँक्सला एकाच बुकिंगवर निघालेल्या प्रवाशाच्या बाबतीतही १२,९१५ ऐवजी ५,०२५ किलोमीटरच धरले जातील. सुदैवाने नियमातली सर्वांत वरची पायरी ३,५०० च्या पुढे सुरू होते, त्यामुळे रकमेत फरक पडत नाही.